ओवीची दुसरी ओळ

"थांब, थांब! इथंच थांब!"

केतकीनं टेबलावरून हात लांबवला आणि माझ्या फोनचा आवाज बंद केला. स्पीकरमधून नुकतीच एका बाईची ओवी सुरू झाली होती. मागं जात्याची घरघर, बांगड्यांची किणकिण, आणि त्यावर एक रापलेला, कडेला थोडा फाटलेला आवाज:

गुलाबी गोळीनं बाई, निघालं गुडघ्याचं टाळं...

पुढं "सांगते बाई तु—" एवढं आलं आणि खोली गप्प झाली.

"सोनं आहे हे, सोनं!" देवेन सर खुर्चीतून अर्धे उठले. "टाळं! गुडघ्याचं टाळं! केतकी, एवढे दिवस तुमची माणसं मला काय लिहून देत होती? 'सांधेदुखीवर करा मात'! आणि ही बाई बघा. घरात बसून."

"किल्लीचं चित्र टाकू," केतकी म्हणाली. "गुलाबी किल्ली."

"सर, ओवी संपली नाही अजून," मी म्हटलं. "दुसरी ओळ राहिलीय."

"ती तुम्ही ऐका," ते हसून म्हणाले. "आमचं काम पहिल्या ओळीत झालं."

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बाणेरच्या एका जाहिरात कंपनीत मी नोकरीला होते. फेसबुक, इन्स्टाग्रामवरची पानं चालवायची, मजकूर लिहायचा, आलेल्या प्रतिक्रियांना उत्तरं द्यायची, हे माझं काम. केतकी आमची प्रमुख, देवेन सर आमच्या गिऱ्हाइकाकडचे. गिऱ्हाईक म्हणजे एक औषध कंपनी. गुडघेदुखीची त्यांची एक गोळी होती, गुलाबी रंगाची. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळीची जाहिरात लोकांपुढं करता येत नाही. म्हणून गोळीचं नाव कुठंच घ्यायचं नाही, असं ठरलं होतं. आम्ही 'मोकळी पावलं' नावाचं पान काढलं. जनजागृतीचं पान! त्यावर व्यायाम, आहार, थंडीत घ्यायची काळजी. फक्त पानाचा रंग गुलाबी. अक्षरं गुलाबी. कोपऱ्यात एक लांबट गोल, अगदी गोळीच्या आकाराचा. सहा महिन्यांत बायका औषधांच्या दुकानात जाऊन "ती गुलाबी द्या" म्हणायला लागल्या होत्या आणि देवेन सरांच्या कंपनीत पेढे वाटले गेले होते.

ओव्यांची स्पर्धा ही कल्पना माझी. ते नाकारून चालणार नाही.

माझी आई माणदेशातली. पहाटे जात्यावर बसली की तिच्या समोर मी. खुंट्यावर तिच्या हातावर माझा हात. ती पहिली ओळ म्हणायची आणि थांबायची. मी झोपेत असले तर कोपरानं ढोसायची. "उचल की गं. समोर बसलीस ना? समोरचीनं दुसरी ओळ उचलायची असती." मग हळूहळू मला कळत गेलं की पहिल्या ओळीत बाई नुसता दरवाजा उघडते. तुळस, चांदणं, भावाचा घोडा, काहीही चालतं तिथं. सांगायचं ते ती दुसऱ्या ओळीत सांगते. सासरी कुणाला बोलता येत नव्हतं ते सगळं त्या दुसऱ्या ओळीत पिठासारखं पडायचं.

हे सगळं मी केतकीला एकदा जेवताना सांगितलं होतं. आठवड्यात त्याची 'गुडघ्याची ओवी' स्पर्धा झाली. आवाज मुद्रित करून पाठवा, पैठणी जिंका.

त्या दिवशी बैठक उठल्यावर मी कानाला हेडफोन लावले आणि चांगुणाबाई पिसाळ, आंबेखिंड, तालुका माण, यांची ओवी पुरती ऐकली.

गुलाबी गोळीनं बाई, निघालं गुडघ्याचं टाळं
सांगते बाई तुला, पडतं पोटातून काळं

दुसऱ्या ओळीला आवाज खाली आला होता. जातंसुद्धा सावकाश फिरत होतं. एखादी बाई शेजारणीच्या कानाला लागून बोलते, तसं.

मी ती पुन्हा दोनदा ऐकली. कारण हे पान सुरू करायच्या आधी औषध कंपनीनं आम्हा सगळ्यांना एक शिकवणी दिली होती. एका तासाची, शेवटी परीक्षा. मला दहापैकी दहा. कुणाला त्रास झाला, कोणत्या औषधानं, काय त्रास झाला आणि कोण सांगतंय, या चार गोष्टी कुठंही दिसल्या, कुणाच्या प्रतिक्रियेत, कुणाच्या निरोपात, तर एका दिवसाच्या आत कंपनीच्या सुरक्षा विभागाला कळवायचं. या जातीच्या गोळ्यांनी कधीकधी पोटात आतून रक्त जातं, ते काळं होऊन डांबरासारखं बाहेर पडतं, हे त्या शिकवणीच्या पाचव्या पानावर होतं. चित्रासकट.

मी केतकीकडं गेले. तिनं ऐकलं. तिचा चेहरा उतरला, मला दिसलं. ती काही दगड नव्हती. तिनं देवेन सरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"हं, मग?" देवेन सर म्हणाले.

"सर, हे कळवावं लागेल ना? सुरक्षा विभागाला?"

"काय कळवणार? चार गोष्टी लागतात. वय दिलंय बाईनं?"

"नाही."

"औषधाचं नाव दिलंय?"

"गुलाबी गोळी म्हणतेय सर."

"गुलाबी!" ते मोठ्यानं हसले. "अहो वैजयंताबाई, बाजारात गुलाबी गोळ्या शंभर असतील. लोहाची गुलाबी, बी-कॉम्प्लेक्सची गुलाबी. आमचीच कशावरून?"

सकाळी त्याच ओळीवर ते खुर्चीतून उठले होते. विकायची होती तेव्हा गुलाबी म्हणजे त्यांचीच होती. आता त्रास झाला तर गुलाबी कुणाचीच नव्हती.

"आणि दुसरं," त्यांचा आवाज मऊ झाला, "स्पर्धेसाठी आलेली ती कविता आहे. तक्रार नाही. कवितेचा कुणी पंचनामा करतं का? तुम्हीच सांगा. तुम्ही तर ओव्यांतल्या जाणकार."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. त्या महिन्यात माझी नोकरी पक्की व्हायची होती. मी म्हटलं, "बघते सर."

संध्याकाळपर्यंत रील तयार झालं. पहिली ओळ, जात्याची घरघर, पुन्हा पहिली ओळ. गुलाबी किल्ली फिरते, टाळं उघडतं, एक आजीबाई देवळाच्या पायऱ्या चढते. खाली बारीक अक्षरांत, 'अधिक माहितीसाठी आपल्या डॉक्टरांना विचारा.'

चार दिवसांत ते दोन लाख लोकांनी पाहिलं. बाया त्यावर नाचल्या. सासवा-सुनांनी जोडीनं म्हटलं. प्रतिक्रियांचा पूर आला. 'माझ्या आईला पण आणली.' 'मेडिकलवाल्यानं चिठ्ठी नसताना दिली, देव भलं करो.' 'किती दिवस घ्यायची ताई?' या शेवटच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते आम्हाला लिहून दिलेलं होतं, 'आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या', आणि पुढं गुलाबी बदामाचं चित्र. पैठणीही चांगुणाबाईंचीच ठरली, शनिवारी पुण्यात कार्यक्रमात द्यायची.

पाचव्या दिवशी पानावर पुन्हा एक आवाज आला. या वेळी जातं नव्हतं.

"आवं बाई, मी चांगुणा पिसाळ बोलते आंबेखिंडीची. माझी ववी अर्धीच का गाताय? दुसरी वळ कुठं गेली?"

मी नंबर शोधून फोन लावला. केतकी शेजारी येऊन उभी राहिली, हाताची घडी घालून. फोन सुनेनं घेतला.

"मी दीपाली. आत्या, ये आत्या! पुण्याच्या बाईंचा फोन आलाय!" मग मला म्हणाली, "आवो, आमच्या आत्याला गावात लई भाव आलाय. शाळेच्या कार्यक्रमात गायला बोलावलं. कालच्याला तर सरपंचबाई घरी येऊन गोळीचं पाकीट बघून गेल्या."

"त्यांची तब्येत कशी आहे, दीपाली?"

"गुडघा एकदम चांगला. जरा दम लागतो. पायरी चढली की बसती. वय झालं की आता."

चांगुणाबाई फोनवर आल्या. "हां, बोल गं लेकी."

"चांगुणाबाई, ते दुसऱ्या ओळीतलं... किती दिवस होतंय तसं?"

"व्हतंय की महिनाभर. डाक्टरानं धा दिसाच्या दिल्या व्हत्या. बरं वाटलं म्हनून मी फुडं घेतल्या दुकानातून."

"डॉक्टरांना हे काळं पडतं ते सांगितलं का?"

"शी! बाप्या मानूस हाय त्यो. त्याला ह्ये कसं सांगायचं? म्हनून तर ववीत घातलं. म्हटलं, तिकडं बाया ऐकत्याल, तुमच्यात डाक्टर असत्याल, त्येंच्या कानावर जाईल." त्या जरा थांबल्या. "मंग तुम्ही ववी लावली फोनात. मी म्हटलं, चला, ऐकलं म्हंजी त्येंनी. वाईट असतं तर बोलली असती की मानसं. काय गं? बोलली असती ना?"

मी केतकीकडं पाहिलं. तिनं टेबलावरचा छापील कागद माझ्याकडं सरकवला. एका वाक्याखाली तिचं बोट होतं. आम्ही वैद्यकीय सल्ला द्यायचा नाही, असा नियम होता. चांगलाच नियम आहे तो, एरवी. मी ते वाक्य वाचलं.

"कृपया आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या."

"आं? आगं, डाक्टरानंच तर दिलीया," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "बरं, शनवारी येतो आम्ही. पैठणीला. लाल असंल तर बघ बाई. गुलाबी नको. ह्या वयात शोभत न्हाई."

फोन ठेवल्यावर केतकी हळू आवाजात म्हणाली, "शनिवारी येतीलच त्या. कार्यक्रम झाला की मी स्वतः त्यांना डॉक्टरकडं नेते, वैजू. शपथ. फक्त शनिवार जाऊ दे."

मध्ये तीन दिवस होते. मी ते तीन दिवस जाऊ दिले.

शनिवारी सकाळी अकरा वाजता पुण्याच्या एका सभागृहात कार्यक्रम होता. पहिल्या दोन रांगांत डॉक्टर, मागं निरनिराळ्या गावांहून आलेल्या बायका, आणि समोर तीन कॅमेरे. सगळं पानावर थेट दिसणार होतं. मंचावर मधोमध जातं मांडलं होतं. खरं, दगडाचं. पण त्याचा खुंटा गुलाबी रंगवला होता. मला ते बघवेना. ज्या लाकडाला पिढ्यान् पिढ्यांच्या हातांचं तेल लागतं, त्याला नखाला लावायचा रंग फासला होता.

चांगुणाबाई दीपालीच्या खांद्याचा आधार घेऊन आल्या. त्यांचा आवाज मी ओळखत होते, चेहरा पहिल्यांदा पाहत होते. उंच बाई, काळीसावळी. पण त्या सावळेपणाच्या आतून सगळा उजेड काढून घेतल्यासारखा राखाडी रंग. ओठसुद्धा राखाडी. मंचाच्या चार पायऱ्या चढताना त्या दोनदा थांबल्या. आणि मागच्या पडद्यावर किल्ली फिरत होती, टाळं उघडत होतं.

"गुडघ्यासाठी थांबत न्हाई हां," त्या मला म्हणाल्या. "गुडघा झकास हाय. दमच पुरत न्हाई."

जात्याजवळ बसल्यावर त्यांनी त्याच्या तोंडात बोट घातलं. "अगं, दानं कुठं हायत? रिकामं जातं वढत न्हाईत!"

धावपळ झाली. कुणीतरी सजावटीतले रंगवलेले तांदूळ आणून ओतले. चांगुणाबाईंनी ते मुठीत घेऊन पाहिले. मग मान वर केली.

"आन् समोर कोन बसनार?"

"तुम्ही एकट्याच गायचंय आजी," देवेन सर माईक हातात धरून म्हणाले. "फक्त पहिली ओळ. दोनदा. मग आपण पैठणी देऊ."

"एकटीला वढवत न्हाई आता. तू बस गं लेकी. तुला येतंय, आवाजावरनं कळतंय मला."

देवेन सरांनी केतकीकडं पाहिलं, केतकीनं माझ्याकडं. कॅमेरे सुरू झाले होते. "बसा, बसा," देवेन सर दात दाखवत म्हणाले. "छान दिसेल."

मी बसले. खुंट्यावर त्यांच्या हातावर हात ठेवला. हात थंड होता, बर्फासारखा. त्यांनी डोळे मिटले, जातं फिरायला लागलं आणि ओळ आली, विरलेली, पण सुरात:

गुलाबी गोळीनं बाई, निघालं गुडघ्याचं टाळं...

टाळ्या पडल्या. चांगुणाबाई थांबल्या. देवेन सर मंचाच्या कडेवरून बोटं फिरवून खुणावत होते, पुन्हा, पुन्हा पहिलीच. चांगुणाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या. जातं फिरत होतं, ओळ मोकळी पडली होती, आणि आता ती उचलायची पाळी माझी होती. मला कोपराचा ढोसा बसल्यासारखं झालं. खरंच, बरगडीत कळ आली.

सांगते बाई तुला, पडतं पोटातून काळं...

माझा आवाज माईकमधून सभागृहभर गेला. मला वाटतं, लोकांना आधी कळलंच नाही. काहींनी टाळ्याही वाजवल्या. मी जातं थांबवलं आणि तो सूर सोडून साध्या आवाजात म्हटलं, "ही ओळ यांच्याच ओवीतली आहे. ती तुम्हाला ऐकवली नव्हती. यांना महिनाभर काळं पडतंय. ही गोळी घेऊन. आम्हाला आठ दिवस माहीत आहे."

"माईक!" देवेन सर ओरडले. "अरे माईक बंद करा! कॅमेरा!"

माईक बंद झाला. पण पहिल्या रांगेतल्या एक पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाई तोवर उठल्या होत्या. चपला तिथंच राहिल्या. मंचावर येऊन त्यांनी चांगुणाबाईंच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, नाडी धरली.

"गाडी कुणाकडे आहे? आत्ता. आत्ताच्या आत्ता."

"मॅडम, कार्यक्रम पाच मिनिटांत—" देवेन सर म्हणाले.

"अहो, या बाईच्या अंगात रक्त उरलेलं नाही! तुमचा कार्यक्रम घाला चुलीत!"

मागच्या रांगांतून एका बाईचा आवाज आला, "मला बी तसंच हुतंय." मग आणखी एकीचा, मग आणखी चार जणींचा. देवेन सर तिकडं वळले आणि त्यांनी बंद पडलेला माईक तोंडाशी नेला.

चांगुणाबाईंचं हिमोग्लोबिन पाचवर आलं होतं. पोटातल्या जखमेतून महिनाभर रक्त झिरपत होतं. आणखी चार दिवस गेले असते तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य पुरं केलं नाही. तीन बाटल्या रक्त चढलं. केतकी दवाखान्यात आली होती. दाराशी उभी राहून रडली आणि निघून गेली. सोमवारी मला कामावरून काढल्याचं पत्र आलं, त्यावर तिचीच सही होती.

तिसऱ्या दिवशी चांगुणाबाईंच्या ओठांवर थोडी लाली आली. मी त्यांना मोसंबी सोलून देत होते. त्या म्हणाल्या, "तू नसतीस तर गेले असते बघ मी. त्या साहेबानं माझी वळ कापली, आन् तू उचललीस."

मी फोड ताटलीत ठेवली.

"साहेबांनी नाही कापली," मी म्हटलं. "त्यांना मी 'बघते सर' म्हटलं होतं. कापली मी. माझ्याच संगणकावर. माझ्या हातांनी."

त्यांनी मोसंबीची ताटली बाजूला सारली.

"ऐकून कापलीस?"

"ऐकून."

"समदी?"

"सगळी. तीनदा ऐकली."

रक्ताच्या नळीत थेंब पडत होते. दीपाली दारातून आत येत होती, ती तिथंच थबकली. चांगुणाबाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"मला वाटलं, मशीननं खाल्ली असंल," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते.

मी सुरक्षा विभागाचा फॉर्म भरला. आता मला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. कंपनीला एक पाठवला आणि सरकारी कार्यालयाला एक. कुणाला, कोणत्या औषधानं, काय त्रास, कोण सांगतंय. गोळीचं नाव मी पाकिटावरून उतरवलं, त्या सगळ्या गुलाबी खटाटोपात पहिल्यांदाच. 'रुग्णाचे स्वतःचे शब्द' असा एक रकाना होता. एका ओळीपुरता. मी त्यात ओवी लिहिली. दुसरी ओळ रकान्याबाहेर गेली, तशीच जाऊ दिली.

सभागृहात ज्या बाया बोलल्या, त्यांच्यासाठी मी आणखी सहा फॉर्म भरले. 'मोकळी पावलं' हे पान महिन्याभरात बंद झालं. कुठं माफी नाही, कुठं खुलासा नाही. कंपनीच्या वार्षिक अहवालात 'लोकपरंपरेशी जोडणारी यशस्वी मोहीम' असा उल्लेख आला, आणि देवेन सरांना बढती मिळाली. आता ते मधुमेहाची गोळी बघतात, म्हणे. त्या पानाचा रंग हिरवा आहे.

पान गेलं, पण रील गेलं नाही. एकाच्या फोनातून दुसऱ्याच्या फोनात ते अजून फिरतंय. दोन वर्षांपूर्वी फलटणला एका लग्नात हळद दळायला बायका जमल्या होत्या. त्यातली एक तरणी पोर खुंटा फिरवत खुशीत म्हणाली, "गुलाबी गोळीनं बाई, निघालं गुडघ्याचं टाळं." सगळ्या हसल्या. ती थांबली. तिला एवढंच येत होतं. तिला वाटत होतं, ओवी एवढीच आहे.

मी परकी होते तिथं, नवरीच्या मावशीची मैत्रीण. तरी उठले. तिच्यासमोरच्या बाईला म्हटलं, "जरा सरका ताई." पदर खोचला, समोर बसले आणि खुंट्यावर हात ठेवला.

"म्हण पुन्हा," मी तिला म्हटलं. "पुढची ओळ माझ्याकडं आहे."